पाठमोरे

माझा मामा तुम्ही पाहिलेला आहे. जुने चित्रपट बघायची आवड असेल तर नक्कीच पाहिलेला आहे. नायिका ज्याच्यापुढे रडून गाऱ्हाणं घालते तो तिकीटखिडकीपाशी उभा असलेला माणूस, वकील ज्याच्यावर ओरडतो तो साक्षीदार, नायक ज्याची कॉलर धरतो तो कारकून, हे सगळे म्हणजे आमचा मामाच. तरी तुम्हाला तो आठवणार नाही. त्यात तुमचा दोष नाही, कारण त्या सगळ्यांची फक्त पाठ दिसते.

स्टुडिओत त्याला पाठमोरे म्हणत. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून मालकापर्यंत सगळे त्याच नावाने हाक मारत, आणि नव्या माणसांना ते खरंच आडनाव वाटे. एका नटीने तर त्याला अगदी आदराने विचारलं होतं, "पाठमोरे म्हणजे तुम्ही मूळचे कुठले?" मामा म्हणाला, "मागचे."

हे असं का झालं ते सांगते. सिनेमात येण्याआधी मामा एका फिरत्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होता. विंगेत उभं राहायचं, सगळ्यांची भाषणं पाठ ठेवायची आणि कुणी अडलं की हळूच शब्द सुचवायचा, हे त्याचं काम. कंपनीतले मोठे नट म्हणजे आबा. घसा खणखणीत, चेहरा राजबिंडा, स्मरणशक्तीची मात्र बोंब. आबा म्हणायचे, "माझा जीव माझ्यात नाही, तो विंगेत उभा असतो." आबांना स्टुडिओने बोलावलं तेव्हा त्यांनी मामालाही बरोबर नेलं. मालकाला म्हणाले, "हा पोरगा घेतला नाही तर मला घेऊन उपयोग नाही."

मामा दिसायला चांगला होता. सरळ नाक, मोठे डोळे. त्यामुळे पहिल्याच चित्रपटात त्याला नायकासमोर उभं केलं. नायक रागावून लांबलचक बोलतो आणि कारकून मान खाली घालून ऐकतो, एवढाच प्रसंग. मामा मान खाली घालून ऐकत होता, पण दुसऱ्या दिवशी ते रीळ पडद्यावर लावून बघितलं तर सगळे पोट धरून हसायला लागले. नायकाचं प्रत्येक वाक्य मामाच्या ओठांवरही चाललं होतं. आवाज नाही, पण ओठ शब्दाला शब्द. इतकी वर्षं विंगेत दुसऱ्यांची भाषणं ओठांवर खेळवलेल्या माणसाला समोरचा बोलत असताना आपले ओठ गप्प ठेवायचे असतात हे कुणी शिकवलंच नव्हतं.

घरीही तेच. आमचा घरमालक भाडं वाढवायची गोष्ट काढायला आला की मामा त्याच्याकडे बघत ओठ हलवायचा, आणि घरमालकाला वाटायचं हा आपल्याला वेडावतोय. मामाने लग्न केलं नाही. का, असं विचारलं की म्हणायचा, "समोरच्याचं वाक्य मीच आधी म्हणून टाकतो. अशा घरात कोण राहील?"

तर दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "याला फिरवा. पाठ करा कॅमेऱ्याकडे." प्रसंग पुन्हा घेतला. तोवर त्या नायकाने एकही लांब भाषण एका दमात पुरं केलेलं नव्हतं. त्या दिवशी केलं. सगळे आश्चर्यात. त्याला विचारलं तर म्हणाला, "समोर लिहून ठेवल्यासारखं दिसत होतं."

ही गोष्ट तेव्हा केवढी मोठी होती ते आज सांगूनही पटायचं नाही. त्या काळी आवाज तिथल्या तिथे, चित्राबरोबरच टिपला जायचा. नाटकातला प्रॉम्प्टर कुजबुजू शकतो. इथे कुजबुजलं की माईकमध्ये आलं आणि टेक वाया गेला. भिंतीवर कागद लावावेत तर नटाची नजर भिंतीवर फिरताना दिसते. आणि इथे तर चित्राच्या चौकटीतच, नटाच्या नाकासमोर, त्याने जिथे बघायला हवं नेमकं तिथेच, एक माणूस उभा राहून बिनआवाजी शब्द पुरवतो आणि कॅमेऱ्याला त्याची फक्त पाठ दिसते. स्टुडिओला घबाड मिळालं. त्या दिवसापासून मामाची पाठ कायमची कॅमेऱ्याकडे झाली.

यात मामाचं नुकसान झालं असं माझ्या आईला वाटायचं. आई म्हणजे मामाची पाठची बहीण. माझे वडील गेल्यावर ती मला घेऊन भावाकडे राहायला आली, पुढच्या खोलीत शिलाई मशीन मांडलं आणि कपडे शिवायला लागली. गिऱ्हाइकांना ती अभिमानाने सांगायची, भाऊ सिनेमात आहे. गिऱ्हाइकं सिनेमा बघून यायची आणि विचारायची, कुठे होता हो तुमचा भाऊ? आई म्हणायची, तो खांदा होता ना, डाव्या बाजूला. मग हसू व्हायचं. आईला ते लागायचं. तिला एकच हवं होतं, एकदा तरी आपल्या भावाचा चेहरा त्या एवढ्या मोठ्या पडद्यावर बघायचा होता. मामालाही तेच हवं होतं. तो बोलायचा नाही, पण दाढी करताना आरशासमोर जरा जास्त वेळ उभा असायचा. असा माणूस काय विचार करत असतो ते लहान मुलीलाही कळतं.

तोवर जे वाट्याला आलंय ते तरी नीट करायचं, अशी त्याची रीत. त्याच्या खोलीत दोन उंच आरसे समोरासमोर लावले होते. मध्ये उभा राहून तो आपली पाठ बघायचा. म्हणायचा, "चेहऱ्याला डोळे असतात, भुवया असतात, ओठ असतात. पाठीला काय असतं? एक मान आणि दोन खांदे. त्यातच भागवायचं." आणि तो भागवायचा. गरिबाची पाठ वेगळी, लाच खाणाऱ्याची वेगळी, ज्याला वाईट बातमी कळलीये पण अजून उमगलेली नाही त्याची वेगळी. मी गंमत म्हणून सांगत नाही, मी दारात बसून हे बघितलं आहे. आईही मग इरेला पेटली. स्टुडिओचे कपडे ती घरी आणायला लावायची आणि पाठीची शिवण उसवून पुन्हा घालायची. "जगाला तुझी पाठच दिसणार असेल तर ती तरी चुरगळलेली नको," म्हणायची.

खरी कारागिरी मात्र कॅमेऱ्याच्या पलीकडे होती. मामा अख्खं वाक्य ओठांवर आणायचा नाही. समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायचा, आणि दिव्याची वात बारीक होते तशी ती नजर बारीक झाली की फक्त पुढचा शब्द. एकच. त्याने गाडी पुन्हा चालू. कुणाला शब्द द्यावा लागतो आणि कुणाला लागत नाही, हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नाही. मी खोदून खोदून विचारायची, अमकी नटी विसरते का? तो म्हणायचा, "कुणीच विसरत नाही. थोडं थांबतात." मला त्याचा इतका राग यायचा. आता वाटतं, अशी माणसं फार थोडी असतात, आणि मला त्यातलं एक घरात मिळालं.

मग एक नवा दिग्दर्शक आला. वय कमी, डोकं तेज, बोलणं तिरकस. त्याच्या चित्रपटात एक बाप होता, जो मुलाला लहानपणी टाकून गेलेला असतो आणि म्हातारपणी परत येतो. बापाचं काम आबांकडे. मुलगा टेबलापाशी कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलेला, बाप त्याच्या मागे उभा. बाप बोलतो, मुलगा वळून बघत नाही, आणि कॅमेरा हळूहळू पुढे सरकत मुलाच्या चेहऱ्यापर्यंत येतो. शेवटी मुलगा एवढंच म्हणतो, "बसा, बाबा." बस.

दिग्दर्शक मामाला म्हणाला, "बोलणाऱ्यांचे चेहरे खूप झाले. मला ऐकणाऱ्याचा चेहरा हवाय, आणि तुमच्याइतकं या इमारतीत कुणी ऐकलेलं नाही. पण ओठ बंद राहतील का, पाठमोरे?"

मामा म्हणाला, "ठेवीन."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा आईने मशीन थांबवलं आणि पदराने तोंड पुसलं. मग डब्यातून कोटाचं एक मोठं बटण काढलं, धुतलं आणि म्हणाली, "हे ओठांत धर. मी बोलते."

त्यानंतर रोज संध्याकाळी आमच्याकडे हाच कार्यक्रम. मामा खुर्चीवर, बटण ओठांत, आणि आई कपडे शिवता शिवता काहीही सांगत बसायची. ओठ हलले की बटण टप्पकन फरशीवर. आई मान वर न करता म्हणायची, "पडलं." मी धावत जाऊन शोधायचं. सुरुवातीला बटण जमिनीवरच जास्त असायचं. मग मी माझ्या पुस्तकातले धडे मुद्दाम चुकीचे वाचायला लागले. चुकलेलं वाक्य ऐकून गप्प राहणं त्याला सगळ्यांत कठीण जायचं, डोळे बाहेर यायचे बिचाऱ्याचे. हळूहळू तेही जमलं.

शेवटी एक दिवस आईने त्यांच्या वडिलांची अखेर सांगितली. तेव्हा मामा कंपनीबरोबर दूरच्या गावी होता, त्याला पोचता आलं नव्हतं, आणि त्या दोघांत त्यावर कधी बोलणं झालेलं नव्हतं. वडील काय म्हणाले, दाराकडे कसे बघत होते, कुणाचं नाव घेतलं, सगळं सांगितलं तिने. मामाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून गळत होतं. बटण जागचं हललं नाही. आई म्हणाली, "आता जमलं," आणि उठून आत गेली.

त्या प्रसंगाच्या चित्रीकरणाच्या दिवशी स्टुडिओत आई स्वतः गेली होती. चित्रपटातल्या मुलाचा कोट तिने शिवलेला, शेवटची शिवण अंगावर बघायची हे निमित्त. पुढचं सगळं तिच्याकडून ऐकलेलं आहे, आणि आई गोष्ट फुगवून सांगणारी बाई नव्हती.

आबांचं विसरणं तोवर फार वाढलं होतं. पूर्वी शब्द विसरायचे, आता कधी कधी कोणता चित्रपट चाललाय तेच विसरत. मामा समोर असला की निभायचं. त्यामुळे मामाखेरीज कुणाला नीटसं ठाऊक नव्हतं, पण मालकाला वास आला होता. आधीच्या दोन प्रसंगांत मामा नव्हता आणि आबांनी दिवसच्या दिवस घालवले होते. मालकाने सरळ सांगितलं होतं, आजही असंच झालं तर हे काम दुसऱ्या नटाला देऊ आणि आबांनी विश्रांती घ्यावी. विश्रांती म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. आबा स्टुडिओच्याच आवारातल्या एका खोलीत राहायचे, आणि त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

आणि आज मामा त्यांच्यासमोर नव्हता. आज मामा त्यांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून बसला होता. गंमत बघा, त्या पहिल्या फसलेल्या प्रसंगानंतर पहिल्यांदाच मामाची पाठ कॅमेऱ्याकडे नव्हती, तर ती आबांकडे होती.

पहिला टेक, आबा अडले. दुसरा टेक, त्याच जागी अडले. मालक दारात येऊन उभा राहिला. रीळ एका टेकपुरतं उरलं होतं आणि संध्याकाळी तो सेट मोडून तिथे दुसऱ्या चित्रपटाचं इस्पितळ उभं राहायचं होतं. दिग्दर्शक आबांना म्हणाला, "सावकाश होऊ द्या." आबा म्हणाले, "हो हो, सगळं पाठ आहे मला." मामाने खुर्चीतून मागे वळून त्यांच्याकडे बघितलं. आई म्हणायची, ती नजर तिने तेव्हाच ओळखली.

तिसरा टेक सुरू झाला. मामाचा चेहरा उजेडात, ओठ घट्ट. आबा बोलायला लागले. "रोज मी या दारापर्यंत यायचो. पावलं इथवर आणायची. दार वाजवायला हात उचलला, पण वाजवलं नाही. कारण..."

कॅमेऱ्याची गाडी रुळावरून सरकायला लागली होती. मामाच्या चेहऱ्याकडे निघाली होती.

"कारण," आबा पुन्हा म्हणाले. आणि थांबले.

आई सांगायची, त्या वेळी मामाचा चेहरा कसा होता ते तिला सांगता येणार नाही, पण कॅमेरा आणखी थोडा जवळ असता तर जगाने बघितलं असतं. मग मामा खुर्चीवरून उठला. सावकाश उठला, कॅमेऱ्याकडे पाठ केली आणि आबांच्या समोर उभा राहिला. कॅमेरा चालवणारा काही समजला नसावा, पण त्याने गाडी थांबवली नाही. ती सरकत सरकत त्या नव्या कोटाच्या पाठीपर्यंत आली. आणि पाठीवरून, मामाच्या खांद्याच्या वर, आबांचा चेहरा दिसत होता.

आबा म्हणाले, "कारण आतून तुझ्या हसण्याचा आवाज यायचा. माझ्यावाचून तू हसत होतास. मग कुठल्या तोंडाने आत येऊ?" पुढचं सगळं भाषण आबांनी असं म्हटलं, की दिवे धरणारी माणसंसुद्धा नाक पुसायला लागली. आणि शेवटी मामाने आपलं वाक्य म्हटलं, त्याच्या आयुष्यातलं पहिलं. "बसा, बाबा." तेही पाठमोरं.

 दिग्दर्शक 'कट' म्हणाला आणि मामाजवळ आला. "हे असं ठरलं होतं?"

"नाही," मामा म्हणाला.

दिग्दर्शकाने आबांकडे बघितलं, दारातल्या मालकाकडे बघितलं. तिरकस असला तरी माणूस समजूतदार होता. मोठ्याने म्हणाला, "ठरल्याप्रमाणे झालं सगळं. छान."

 घरी दारात पोचल्यावर आई म्हणाली, "ओठ बंद ठेवायचे होते ना?"

"बंदच होते," मामा म्हणाला. "फिरल्यावर उघडले."

माझी तक्रार आहे ती इथे. चित्रपट आला आणि गाजला. वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने लिहून आले, की मुलाने उठून कॅमेऱ्याकडे पाठ फिरवणं ही केवढी थोर कल्पना, मनातलं वादळ न दाखवता दाखवलं, दिग्दर्शकाची प्रतिभा वगैरे वगैरे. अजूनही कुणी ना कुणी तेच लिहितं. मी वाचते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. मामा मात्र हसून म्हणायचा, "लिहू दे गं. त्यांना काय माहीत, 'कारण'च्या पुढे काय होतं."

त्यानंतर आबांना चार चांगली कामं मिळाली आणि प्रत्येकात मामा समोर उभा होता. आबा गेले ते आपल्या खोलीतच गेले, नट म्हणूनच गेले. पुढे आवाज नंतर भरायची सोय आली. मग चित्रीकरणात कुणीही खुशाल ओरडून शब्द सांगू लागलं आणि मामाची गरज संपली. काही वर्षं त्याने आवाज भरायच्या खोलीत काम केलं. मुक्या चित्रात नटाचे ओठ काय म्हणताहेत ते त्याच्याइतकं चटकन कोण ओळखणार? मग स्टुडिओच बंद पडला. आईच्या शिलाईचं तोवर दुकान झालं होतं, मामा तिथे बसायला लागला, मापं घ्यायला लागला. गिऱ्हाईक काय सांगणार ते त्याच्या ओठांवर आधीच असायचं. त्याने एकदाही कपाळाला आठी घातली नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर घरातली भांडी फोडली असती. आता दुकान मी चालवते. ते दोन आरसे कपडे घालून बघायच्या खोलीत लावलेत, आणि लोक आपली पाठ बघून चकित होतात.

पण तो चित्रपट आम्ही तिघांनी बघितला ते राहिलंच सांगायचं. थिएटर खच्चून भरलं होतं. मी मध्ये, एका बाजूला आई, एका बाजूला मामा. तो प्रसंग आला. पडद्यावर मामाचा चेहरा होता खरा, पण लांब, लहान, आणि कॅमेरा जवळ यायला लागला तसा मी आईचा हात धरला. आबा म्हणाले, "कारण," आणि मामा उठला, वळला. पडद्यावर नुसती पाठ. मला रडूच फुटलं. मला वाटलं आता आईकडे बघवणार नाही, म्हणून मी दुसरीकडे तोंड फिरवलं.

तिकडे मामा होता. पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता. आणि त्याचे ओठ हलत होते. आवाज नाही, पण शब्दाला शब्द, आबांच्या आधी एक शब्द. डोळे पडद्यावरच्या आबांच्या डोळ्यांत रोवलेले, भुवया किंचित वर, आणि सगळा चेहरा म्हणत होता, चला, मी आहे, पुढचं मी देतो. त्या पाठीच्या पलीकडे त्या दिवशी काय होतं, ते मी असं हातभर अंतरावरून बघितलं.

"आई," मी हळूच म्हटलं, "इकडे बघ."

 आई पडद्याकडे बघतच नव्हती. माझ्या डोक्यावरून ती आधीपासून भावाकडेच बघत होती, आणि प्रसंग संपेपर्यंत तिने नजर हलवली नाही.